बॅन म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे, बातम्यांचं मराठी करणारे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे या एका शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. शब्द इवलासा आहे, पण तो चुकीचा वाचला की अख्ख्या बातमीचा अर्थ उलटा होतो. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. बॅन म्हणजे काय? सरळ मराठीत सांगा.

बंदी. ज्याच्या हातात अधिकार आहे अशा कुणीतरी, म्हणजे सरकार, न्यायालय, शाळा, क्रीडासंघटना किंवा एखादं संकेतस्थळ यांनी, एखादी गोष्ट करायला, विकायला, वापरायला किंवा कुठे यायला जाहीरपणे केलेली मनाई. अधिकार आणि जाहीरपणा हे दोन्ही या शब्दात गृहीत आहेत. शेजाऱ्याने आपल्या दारात गाडी लावू दिली नाही, तर तो त्याचा नकार झाला. सोसायटीने ठराव करून बाहेरच्या गाड्या बंद केल्या, तर तो बॅन. हा शब्द समोर आला की तीन गोष्टी लगेच शोधाव्यात: बंदी कुणी घातली, नेमकी कशावर घातली आणि कधीपर्यंत. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच तीन प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतील.

2. उच्चार बॅन की बैन? आणि भूतकाळाचं स्पेलिंग नेहमी चुकतं, ते कसं लक्षात ठेवायचं?

बॅन. 'बॅट' आणि 'कॅच'मध्ये जो ॲ आहे तोच. 'बैन' ही हिंदीची लेखनपद्धत आहे. मराठीत अर्धचंद्र असताना ती उसनी घ्यायचं कारण नाही.

भूतकाळात आणि 'इंग' लागताना शेवटचा एन दुहेरी होतो: बॅन्ड, बॅनिंग. बॅन्ड हा उच्चार वाद्यं वाजवणाऱ्या बँडसारखाच हुबेहूब आहे, त्यामुळे ऐकताना शब्दावरून नाही, वाक्यावरून ओळखावं लागतं.

3. बॅन हे नाम आहे की क्रियापद?

दोन्ही. 'देअर इज अ बॅन ऑन स्मोकिंग' यात नाम आहे, 'दे बॅन्ड स्मोकिंग' यात क्रियापद. मराठीत बोलताना आपण 'बॅन करणे', 'बॅन होणे', 'बॅन उठवणे' अशी रूपं करतो. बंदी स्त्रीलिंगी, म्हणून 'बंदी आली'. बॅन मात्र पुल्लिंगी झाला आहे, म्हणून 'बॅन आला', 'बॅन उठला'.

4. बॅननंतर ऑन लावायचं, फ्रॉम लावायचं की टू?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

बॅन नाम असेल आणि पुढे वस्तू किंवा कृती येत असेल, तर 'ऑन': 'अ बॅन ऑन प्लास्टिक बॅग्ज', 'अ बॅन ऑन स्मोकिंग'.

बॅन क्रियापद असेल आणि बंदी माणसावर असेल, तर आधी माणूस, मग 'फ्रॉम', मग 'इंग' लागलेलं रूप: 'शी वॉज बॅन्ड फ्रॉम ड्रायव्हिंग'. 'बॅन्ड टू ड्राइव्ह' हे चूक. ही चूक का होते तेही सांगण्यासारखं आहे. मराठीत आपण 'तिला गाडी चालवायला बंदी केली' असं म्हणतो. त्या 'चालवायला'मधल्या 'ला'ची आपण 'टू'शी जोडी लावतो, आणि मराठीची सवय इंग्रजी वाक्यात उतरते. इंग्रजी मात्र इथे 'पासून' असा विचार करतं: गाडी चालवण्यापासून तिला दूर ठेवलं.

बॅन क्रियापद असेल आणि बंदी थेट वस्तूवर असेल, तर मध्ये काहीच लागत नाही. 'दे बॅन्ड ऑन स्मोकिंग' हे चूक, कारण 'ऑन' फक्त नामाबरोबर येतो.

'फॉर' दोन कामं करतो, मुदत सांगतो आणि कारणही सांगतो. 'ही वॉज बॅन्ड फॉर टू इयर्स फॉर डोपिंग' या वाक्यात पहिला 'फॉर' दोन वर्षांचा आणि दुसरा उत्तेजकांचा. वाक्य बरोबर आहे. एक 'फॉर' जास्तीचा वाटून खोडू नका.

5. बॅन, प्रोहिबिट आणि फरबिड यांत फरक काय? तिन्हींचं मराठी तर एकच होतं.

अर्थ जवळचा आहे, पण कोण कुठे बोलतं ते वेगळं आहे.

प्रोहिबिट हा कायद्याच्या मसुद्यातला आणि नियमावलीतला शब्द. बॅन वर्तमानपत्रातला आणि रोजच्या बोलण्यातला. फरबिडमध्ये हुकूम करणारी व्यक्ती समोर उभी असते: वडील मुलाला, गुरू शिष्याला, धर्म अनुयायांना.

बॅन आणि प्रोहिबिटमधला फरक आंतरराष्ट्रीय करारांच्या नावांत स्वच्छ दिसतो. 1997 साली ओटावात सह्यांसाठी खुला झालेला, माणसांविरुद्ध पेरल्या जाणाऱ्या भूसुरुंगांबद्दलचा करार जगभर 'माइन बॅन ट्रीटी' म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या लांबलचक अधिकृत नावात बॅन नाही, 'प्रोहिबिशन' आहे. 2017 च्या अण्वस्त्रबंदी कराराचंही तेच: अधिकृत नावात प्रोहिबिशन, बातम्यांत बॅन. मथळ्यात जागा कमी असते आणि बॅन तीन अक्षरांत मावतो, हेही त्याच्या लोकप्रियतेचं एक कारण आहे.

व्याकरणही वेगळं आहे. फरबिडबरोबर 'टू' चालतो: 'आय फरबिड यू टू गो' बरोबर. प्रोहिबिट आणि बॅन यांना माणसापुढे 'फ्रॉम' लागतो (प्र. 4).

6. पाट्यांवर बॅन का लिहिलेलं नसतं?

पाटी समोरच्याला सूचना देते, बंदीची बातमी देत नाही. म्हणून 'नो स्मोकिंग', 'नो एंट्री' किंवा 'स्मोकिंग प्रोहिबिटेड'. मराठी पाटीवरही आपण 'धूम्रपानावर बंदी घालण्यात आली' असं लिहीत नाही, 'धूम्रपान करू नये' लिहितो. पाटी रंगवायची असेल तर बॅन शब्द टाळा.

7. मला आत सोडलं नाही, तर 'आय वॉज बॅन्ड' म्हणू का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा फरक कळकळीने सांगावासा वाटतो, कारण यात माणसाचं नुकसान होऊ शकतं.

समजा, एक विद्यार्थी ओळखपत्र विसरल्यामुळे परीक्षेला बसू शकला नाही. पुढे एखाद्या अर्जात त्याला हे समजावून सांगायचं आहे. त्याने 'आय वॉज बॅन्ड फ्रॉम द एक्झाम' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येईल तो कॉपीचा, गैरप्रकाराचा. बॅन्ड माणूस म्हणजे शिक्षा झालेला माणूस, असा त्याचा सूर आहे. त्याला म्हणायचं होतं ते एवढंच: 'आय वॉज नॉट अलाउड टू टेक द एक्झाम बिकॉज आय डिड नॉट हॅव माय आयडी'. घटना तीच, पण एका वाक्यात विसराळूपणा आहे आणि दुसऱ्यात गुन्हा.

खूण सोपी आहे. त्या दिवसापुरतं, एखादी अट पुरी न झाल्यामुळे अडवलं असेल, तर 'नॉट अलाउड'. तुमच्या नावावर निर्णय होऊन पुढेही यायचं नाही असं सांगितलं असेल, तर 'बॅन्ड'. बोलताना इंग्रजी भाषिकही बहुतेक वेळा 'नॉट अलाउड'च वापरतात. मुलं कुरकुर करताना 'मॉम बॅन्ड मी फ्रॉम यूझिंग माय फोन' म्हणतात ते वेगळं. तिथे आईचा हुकूम किती कडक आहे हे सांगायचं असतं.

8. रिस्ट्रिक्ट, सस्पेंड, बॉयकॉट, एम्बार्गो, मोरॅटोरियम: हे सगळे बॅनच का?

नाहीत, आणि बातमीचं भाषांतर करताना सगळ्यांना 'बंदी' म्हणून उरकू नये.

रिस्ट्रिक्ट म्हणजे निर्बंध. गोष्ट चालू राहते, पण मर्यादेत. सस्पेंड म्हणजे तात्पुरतं थांबवणं किंवा निलंबन. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार, आणि तो बॅनच्या उलट्या दिशेने येतो: बॅन वरून लादला जातो, बहिष्कार लोक स्वतःहून घालतात. एम्बार्गो प्रामुख्याने देशादेशांतल्या व्यापारावर असतो. पत्रकारितेत मात्र 'अमुक वेळेआधी ही बातमी छापू नका' या अटीलाही एम्बार्गो म्हणतात.

मोरॅटोरियम म्हणजे काही काळासाठी घेतलेला विराम. याचं ठळक उदाहरण देवमाशांच्या शिकारीचं. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने 1982 मध्ये ठरवलं आणि 1986 पासून लागू झालं ते 'मोरॅटोरियम' होतं, म्हणजे कागदावर विराम. तो अजून उठलेला नाही, म्हणून बातम्यांत त्याला सर्रास 'व्हेलिंग बॅन' म्हटलं जातं. अशा ठिकाणी मराठीत 'बंदी' लिहायला हरकत नाही, पण एकदा तरी 'स्थगिती' असा मूळ शब्द यावा असं माझं मत आहे.

आणखी एक शब्द, फेज-आउट. 1987 च्या माँट्रियल करारात ओझोनच्या थराला घातक रसायनांचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. हे एका दिवसात लागू होणाऱ्या बॅनपेक्षा वेगळं आहे. मधल्या काळात ती वस्तू कायदेशीरच असते.

9. एखाद्या वस्तूवर बॅन आला म्हणजे ती जवळ बाळगणंही गुन्हा का?

आपोआप नाही. बंदी उत्पादनावर असू शकते, विक्रीवर, आयातीवर, वाहतुकीवर, जाहिरातीवर, वापरावर किंवा जवळ बाळगण्यावर. मथळा फक्त 'अमुक बॅन्ड' एवढंच सांगतो आणि लोक उरलेलं कल्पनेने भरतात.

इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या दारूबंदीचं. इंग्रजीत मोठ्या पी-ने 'प्रोहिबिशन' लिहिलं की तोच काळ समजतात. 1919 मध्ये राज्यघटनेची 18 वी दुरुस्ती मंजूर झाली, जानेवारी 1920 पासून बंदी लागू झाली आणि डिसेंबर 1933 मध्ये 21 व्या दुरुस्तीने ती गेली. त्या 18 व्या दुरुस्तीत मनाई होती ती मद्य बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि देशाच्या आत-बाहेर करणं यांना. पिण्याला मनाई नव्हती. बंदी लागू होण्याआधी घरात साठवलेली दारू घरात बसून पिणं त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नव्हतं. एवढी गाजलेली बंदी, आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त पसरलेला समज चुकीचा! म्हणून बंदीची बातमी पुढे पाठवण्याआधी 'नेमकं काय करायला मनाई आहे' हे वाक्य मूळ आदेशात शोधा.

'ट्रॅव्हल बॅन'चंही असंच आहे. तो बाहेर जाण्यावर असू शकतो किंवा आत येण्यावर. संदर्भ वाचल्याशिवाय दिशा कळत नाही.

10. लाइफटाइम बॅन म्हणजे खरंच जन्मभर? आणि एकाच माणसावर दोन बॅन असू शकतात का?

शब्दार्थ जन्मभर असाच, पण ज्याने बंदी घातली तो ती उठवू शकतो, आणि बऱ्याचदा न्यायालयही त्यात लक्ष घालतं. दोन बॅनही असू शकतात. क्रिकेटमधलं एक उदाहरण दोन्ही गोष्टी दाखवतं.

मार्च 2018 मध्ये केपटाउन कसोटीत चेंडू कुरतडल्याचं प्रकरण झालं. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर 12 महिन्यांची, तर कॅमेरन बॅनक्रॉफ्टवर 9 महिन्यांची बंदी घातली. ही बंदी आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत क्रिकेटपुरती होती. क्लब क्रिकेट त्यांना खुलं होतं. वॉर्नरवर दुसरी बंदी होती ती नेतृत्वाची, आणि तिला मुदत नव्हती. तो वर्षभराने खेळायला परतला, पण कर्णधारपदाचं दार बंदच राहिलं. ती 'कायमची' बंदी ऑक्टोबर 2024 मध्ये उठवली गेली.

म्हणून 'वॉर्नर बॅन्ड' एवढं वाचून भागत नाही. कशापासून आणि किती काळ, ही दोन्ही उत्तरं 'फ्रॉम' आणि 'फॉर' यांच्या पुढे असतात (प्र. 4).

11. मथळ्यात 'स्टे' आणि बॅन एकत्र आले की गोंधळ होतो. बंदी चालू आहे की थांबली?

गोंधळ होणं साहजिक आहे. 'स्टे' म्हणजे राहणं, आणि न्यायालयाच्या भाषेत 'स्टे' म्हणजे स्थगिती. दोन्ही अर्थ एकाच मथळ्यात भेटतात.

'बॅन टू स्टे' म्हणजे बंदी कायम राहणार. 'स्टे ऑन बॅन' म्हणजे बंदीला स्थगिती, अर्थात तूर्त बंदी लागू नाही. शब्द तेच, क्रम बदलला आणि अर्थ उलटला.

आता नकार आत शिरू द्या. 'कोर्ट रिफ्यूजेस टू स्टे बॅन': न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला, म्हणून बंदी चालू. 'कोर्ट लिफ्ट्स स्टे ऑन बॅन': आधी दिलेली स्थगिती उठवली, म्हणून बंदी पुन्हा लागू. 'कोर्ट रिफ्यूजेस टू लिफ्ट स्टे ऑन बॅन': स्थगिती उठवायला नकार, म्हणजे स्थगिती कायम, म्हणजे बंदी सध्या लागू नाही.

असा मथळा शेवटाकडून वाचा. आधी बॅन घ्या: बंदी आहे. मग त्याच्या आधीचा शब्द: तिला स्थगिती. मग लिफ्ट: स्थगिती उठवायची का? मग रिफ्यूजेस: नाही. प्रत्येक पायरीला 'आत्ता बंदी लागू आहे का' हे हो-नाहीत लिहिलं, तर शेवटी उत्तर हातात येतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ही उलटी चाल आपल्याला जड जात नाही.

बाकीची क्रियापदं झटपट: इम्पोज म्हणजे बंदी घातली, लिफ्ट म्हणजे उठवली, ईज म्हणजे शिथिल केली, अपहोल्ड म्हणजे योग्य ठरवली, ओव्हरटर्न म्हणजे रद्द केली, डिफाय आणि फ्लाउट म्हणजे धुडकावली. 'ब्लँकेट बॅन' म्हणजे सरसकट बंदी; त्यात पांघरुणाचा काही संबंध नाही.

12. माझं अकाउंट बॅन झालं, सस्पेंड झालं की ब्लॉक झालं?

ब्लॉक सहसा एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीला करते. सस्पेंड आणि बॅन सेवा चालवणारी कंपनी करते. सस्पेंडमध्ये परतण्याची वाट बहुधा मोकळी असते, बॅनमध्ये ती बंद किंवा फार अरुंद असते. प्रत्येक कंपनी हे शब्द आपापल्या व्याख्येने वापरते, म्हणून आलेला संदेश नीट वाचा आणि दाद मागताना त्यातलाच शब्द वापरा.

'शॅडो बॅन' वेगळा. त्यात तुम्हाला काहीच कळवलं जात नाही. तुम्ही लिहीत राहता, पण ते इतरांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं.

13. 'अनबॅन' हा खरा शब्द आहे की इंटरनेटवरचा?

खरा, आणि इंटरनेटच्या आधीपासूनचा. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर 1960 मध्ये बंदी आली. 2 फेब्रुवारी 1990 रोजी अध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी ती उठवल्याचं जाहीर केलं, आणि या घटनेबद्दल इंग्रजीत 'अनबॅन्ड' हेच क्रियापद रूढ आहे.

14. 'बॅन्ड पर्सन' असं वाचलं. पुढे 'फ्रॉम' नव्हता. हे चूक आहे का?

चूक नाही. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत हा कायदेशीर दर्जाच होता. सरकार एखाद्या माणसावर 'बॅनिंग ऑर्डर' काढायचं. मग त्याला ठरवून दिलेल्या भागाबाहेर जाता येत नसे, एका वेळी एकाहून जास्त माणसांशी बोलता येत नसे, आणि त्याचे शब्द छापणंही गुन्हा ठरे. स्टीव्ह बिको यांच्यावर 1973 मध्ये असा आदेश निघाला. मनाई एखाद्या कृतीला नव्हती, अख्ख्या माणसाला होती. म्हणूनच वाक्यात 'फ्रॉम' लागत नाही. याचं मराठी करताना नुसतं 'बंदी घातलेली व्यक्ती' लिहून अर्थ पोचत नाही. एक वाक्य खर्च करून ते निर्बंध सांगावेतच.

15. मराठीत बंदी, मनाई, प्रतिबंध, निषेध यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

बॅनला पहिली पसंती 'बंदी'. एका माणसाला किंवा एका जागेपुरतं असेल, तर 'मनाई' किंवा 'मज्जाव' जास्त नेमका: 'प्रवेशास मज्जाव'. 'प्रतिबंध' जपून वापरा, कारण मराठीत तो आधीच रोखण्यासाठीही येतो, जसं 'प्रतिबंधक लस'.

'निषेध' मात्र टाळाच. हिंदीत निषेध म्हणजे मनाई. आजच्या मराठीत निषेध म्हणजे जाहीर नापसंती. 'धूम्रपान निषेध' असं हिंदीवरून उचललेलं वाक्य मराठी वाचकाला धूम्रपानाविरुद्ध निघालेल्या मोर्च्यासारखं वाटतं.

16. मग मराठीत '-बंदी' लागलेला प्रत्येक शब्द इंग्रजीत बॅन होतो का?

अजिबात नाही. दारूबंदी म्हणजे प्रोहिबिशन, पण संचारबंदी म्हणजे कर्फ्यू, युद्धबंदी म्हणजे सीझफायर, नाकेबंदी म्हणजे ब्लॉकेड. टाळेबंदी कारखान्याची असेल तर लॉकआउट, साथीच्या काळातली असेल तर लॉकडाउन. नसबंदी ही शस्त्रक्रिया आणि तटबंदी ही भिंत. त्यांत मनाई नाहीच. एकटा 'बंदी' शब्द तर कैद्यालाही लागू पडतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना 'बंदी' दिसली की लगेच बॅन लिहू नका.

17. बॅन आणि बंदी ऐकायला सारखे आहेत. मूळ एकच का?

नाही. बंदी 'बंद' आणि 'बांधणे' यांच्या कुळातली. बॅनचं मूळ बोलण्यात आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता दवंडी देऊन बोलावणं, हुकूम जाहीर करणं. मनाईचा अर्थ नंतर आला. चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावं जाहीर करतात त्याला 'बॅन्स' म्हणतात. तिथे तो जुना अर्थ अजून टिकून आहे. 'बॅनिश' म्हणजे हद्दपार करणं, 'बँडिट' म्हणजे मुळात ज्याच्याविरुद्ध जाहीरनामा निघाला असा माणूस, आणि 'कॉन्ट्राबँड' म्हणजे जाहीर हुकमाविरुद्ध आणलेला माल, हे सगळे याच घराण्यातले.

मराठीतलं बॅनचं खरं नातेवाईक दुसरंच आहे: 'म्हणणे'. ते संस्कृत 'भण्' म्हणजे बोलणे या धातूवरून आलं, आणि भाषाशास्त्रज्ञ 'भण्' आणि बॅन यांचं मूळ बोलण्याच्या एकाच प्राचीन धातूपर्यंत नेतात.

18. 'बॅन अर्जेस पीस' असा जुना मथळा सापडला. बंदी शांततेचं आवाहन कसं करेल?

ते बान की-मून, 2007 ते 2016 या काळातले संयुक्त राष्ट्रांचे महासचिव. इंग्रजी मथळ्यात त्यांचं आडनाव आणि हा शब्द यांचं स्पेलिंग एकच, आणि मथळ्याचा पहिला शब्द असल्यामुळे मोठ्या अक्षरावरूनही ओळखता येत नाही. पुढचं क्रियापद माणसाचं आहे का ते पाहा. रोमानियाच्या चलनातही याच स्पेलिंगचं नाणं आहे, 100 मिळून एक लेउ होतो. तिथे उच्चार 'बान'.